परतीचं विमान: किती आधी पोहोचायचं?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, तरी विमानाचं बोलणं आता घरोघरी पोहोचलंय. कोणी चिखलीची आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाऊन येते, मलकापूर-नांदुऱ्याकडच्या कोणी उमराहसाठी जाऊन येतात, कुणाचा लेक दुबईत किंवा दोह्यात कामाला असतो आणि आईला महिनाभर बोलावून घेतो. जाताना गाडी भरून माणसं सोडायला येतात. तिकीट, कागद, बॅगांचं वजन, सगळं कोणीतरी बघतं. परत येताना मात्र बाई बहुतेक वेळा एकटी असते. लेक बाळाला घेऊन बाहेरच्या दारापर्यंत येते, जावई बॅगा ढकलतात, आणि पुढे आपण आणि आपली पर्स. म्हणून आज मी जाण्याबद्दल कमी आणि घरी परत येण्याबद्दल जास्त बोलणार आहे. प्रश्न एवढाच, की परदेशातून घरी येणारं विमान असेल तर विमानतळावर किती आधी पोहोचायचं?

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे अर्ध्यात स्वयंपाकाला उठावं लागलं तरी चालेल. तिकिटावर विमान सुटण्याची जी वेळ लिहिली आहे, तिच्या तीन तास आधी विमानतळाच्या दारात. व्हीलचेअर घ्यायची असेल, तान्हं मूल सोबत असेल, किंवा दिवाळी, नाताळ, ईद, उन्हाळी सुट्टीचे गर्दीचे दिवस असतील तर चार तास. त्याहून आधी गेल्याने फारसं काही मिळत नाही, कारण सामान घेणारा काउंटरच उघडलेला नसतो. बऱ्याच कंपन्या परदेशी विमानाचा काउंटर तीन ते चार तास आधी उघडतात. आठ तास आधी गेलात तर आठातले चार तास बॅगा सांभाळत बाहेरच्या खुर्चीवर बसायचं, आणि पाणी प्यायला उठायचं तर बॅगा कोणाच्या भरवशावर ठेवायच्या हा प्रश्न.

आता हे तीन तास कशासाठी, ते समजून घेऊ. आपल्याला एसटीची सवय आहे. स्टँडवरून गाडी हलली तरी हात दाखवला की थांबते, कंडक्टर ओळखीचा असला तर दोन मिनिटं जास्तच थांबते. रेल्वे थांबत नाही, पण ती हलेपर्यंत डब्यात चढता येतं. विमानाचं तसं नाही. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ असते. त्याआधी साधारण वीस-पंचवीस मिनिटं विमानात चढण्याचं गेट बंद होतं. आणि त्याच्याही आधी, बहुतेक कंपन्यांत सुटण्याच्या ६० मिनिटं आधी, सामान घेणारा काउंटर बंद होतो. काही कंपन्यांचा, काही विमानतळांवर, ७५ किंवा ९० मिनिटं आधीही होतो. म्हणजे ज्या घड्याळाशी आपली खरी शर्यत आहे ते घड्याळ तिकिटावरच्या वेळेपेक्षा तास-दीड तास पुढे आहे. विमान समोर उभं दिसतंय, अजून पन्नास मिनिटं आहेत, तरी काउंटरवरची मुलगी "सॉरी" म्हणते. तिच्याशी भांडून उपयोग नसतो. यादी बंद झालेली असते.

इथे एक गैरसमज काढून टाकायचा आहे. मुलं घरूनच मोबाइलवर वेब चेक-इन करून देतात आणि म्हणतात, "आई, तुझं चेक-इन झालंय, आता घाई नाही." सीट मिळाली हे खरं. पण आपल्या दोन मोठ्या बॅगा मोबाइलमधून जात नाहीत. त्या काउंटरवरच द्याव्या लागतात आणि त्याची वेळ तीच, ६० मिनिटं आधी बंद. परदेशी प्रवासात पासपोर्ट, व्हिसाही तिथेच बघतात. वेब चेक-इन जरूर करा, सीट कडेची मागून घ्या, पण निघण्याची वेळ त्यामुळे पुढे ढकलू नका.

विमान चुकण्याचं सगळ्यात फसवं कारण मात्र ट्रॅफिक नाही, रांगही नाही. ते आहे तारीख. आखाती देशांतून आणि अमेरिकेतूनही पुष्कळ विमानं रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर लिहिलंय, १५ तारीख, ००:४०. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, आणि आपल्या बोलण्यातही रात्री झोपेपर्यंत आजच असतं. तिकिटावर तारीख मध्यरात्री बदलते. तेव्हा १५ तारखेचं ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र जेवून झाली की नंतरची पाऊण तास. या विमानाला १४ तारखेच्या रात्री पावणेनऊ-नऊला विमानतळावर असायला हवं. ज्यांनी १५ तारखेला दिवसभर निवांत बॅगा भरल्या आणि रात्री नऊला निघाल्या, त्यांचं विमान तोवर केव्हाच मुंबईत उतरून रिकामं झालेलं असतं. तिकीट हातात आलं की पहिलं काम हे करा: एका कागदावर मोठ्या अक्षरात, आपल्या भाषेत लिहा. "बुधवारी रात्री आठ वाजता घरातून निघायचं." वार लिहा. वार चुकत नाही, तारीख चुकते. हा कागद फ्रिजवर लावा.

अमेरिकेत आणखी एक गंमत आहे. तिथे तारीख लिहिताना महिना आधी लिहितात. 03/07 असं लेकीच्या घरी कुठे लिहिलेलं असेल तर ते ३ जुलै नाही, ७ मार्च आहे. पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक +१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी पोहोचणार. आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची न्यूअर्कची, उतरण्याची मुंबईची. घरी यजमान आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने हिशेब करतात आणि "अगं, तुझं विमान निघालं असेल ना" असा फोन करतात तेव्हा आपण अजून पोळ्या लाटत असतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदी आणि कतार अडीच तास. अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतो, कारण तिथे मार्च आणि नोव्हेंबर महिन्यांत घड्याळं तासभर पुढे-मागे करतात. परतायच्या आठवड्यात हा बदल येत असेल तर हातातलं घड्याळ लेकीकडून लावून घ्या.

आता पोहोचल्यावर काय काय होतं ते बघू. आपल्या मुंबईत दारातच सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात, सोडायला आलेल्यांना आत येऊ देत नाहीत. अमेरिकेत सहसा तसं नसतं, लेक-जावई काउंटरपर्यंत सोबत येऊ शकतात. ही मोठी सोय आहे. बॅगांचं वजन, कागद, इंग्रजीतले प्रश्न, सगळं त्यांच्या समोर होऊन जातं. तेव्हा त्यांना बाहेर गाडीतूनच "बाय" करून परत पाठवू नका. गाडी पार्किंगला लावून आत यायला सांगा.

काउंटरवर वेळ जातो तो वजनात. अमेरिकेच्या तिकिटावर साधारण २३ किलोची एक किंवा दोन बॅगा, आखाताच्या तिकिटावर एकूण ३० किलो किंवा त्याच्या आसपास, असं असतं. नेमका आकडा तिकिटावर छापलेला असतो, तोच खरा. एक बॅग ३२ किलोच्या वर गेली तर जास्तीचे पैसे देतो म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. मग काउंटरच्या बाजूला जमिनीवर बॅग उघडून बसलेल्या बायका आपण बघतो. चॉकलेटं एकीकडे, नातवाचे लहान झालेले कपडे दुसरीकडे, मागे रांग. यात अर्धा तास सहज जातो. सामान मोजायचा छोटा हातकाटा मिळतो, हुकाला बॅग अडकवून उचलायची. आदल्या रात्री घरीच मोजून घ्या, आणि एक किलो कमीच भरा.

दुबईहून येणाऱ्यांसाठी खास सांगते. तिथल्या विमानतळाने २०१७ पासून गोल आणि वेडंवाकडं सामान पट्ट्यावर घ्यायचं बंद केलंय. सामानाची निदान एक बाजू सपाट हवी. ब्लँकेटची चादरीत बांधलेली बोचकी, दोरीने आवळलेले गोल गाठोडे नाकारतात, आणि मग तिथेच पैसे देऊन खोक्यात बांधून घ्यावे लागतात. मुलगा घरच्यांसाठी ब्लँकेट देतोच देतो. ते चौकोनी खोक्यात किंवा बॅगेतच भरायला सांगा.

हातातल्या बॅगेत पातळ आणि लगदा होणारे पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत, हा नियम बहुतेक विमानतळांवर आहे. अत्तर, मध, शाम्पू, क्रीम, तूप, लोणचं, सगळं यात आलं. ते खालच्या मोठ्या बॅगेत. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच. हे उलटं झालं की बॅग परत बोलावतात आणि आपलं नाव भोंग्यावर पुकारतात. उमराहहून येणाऱ्यांनी जमजमचं पाणी बाटल्यांत भरून बॅगेत टाकू नये. पाच लिटरचं बंद खोकं मिळतं, तेच विमान कंपन्या घेतात, आणि आपल्या तिकिटात ते धरलंय का हे आधी विचारून ठेवावं. जेद्दाला टर्मिनल एकापेक्षा जास्त आहेत: टर्मिनल एक, उत्तरेचं टर्मिनल, हजचं टर्मिनल वेगळं. टॅक्सीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगून भागत नाही. टर्मिनल कोणतं ते तिकिटावर बघून सांगा.

सामान दिल्यावर बोर्डिंग पास मिळतो. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन पास मिळाले का बघा, आणि बॅगेवर लावलेल्या पट्टीवर शेवटचं गाव मुंबई लिहिलंय का हे लेकीला वाचून दाखवायला सांगा. मुंबईचा इंग्रजी कोड बीओएम, नागपूरचा एनएजी. बॅगेच्या पावतीचा तुकडा पासपोर्टमध्ये ठेवू नका, तिथून तो पडतो. पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवा.

मग पासपोर्टची खिडकी. आखातात देश सोडताना पासपोर्ट तपासतात, तिथे रांग असते. अमेरिकेत बाहेर पडताना अशी वेगळी खिडकी नाही. विमान कंपनीच नोंद कळवते, त्यामुळे शिक्का मारला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आखातात व्हिसाची मुदत एक-दोन दिवस जरी उलटली असेल तर दंड बसतो. दुबईकडे तो दिवसाला ५० दिरहम आहे. तो विमानतळावर भरण्यात वेळ मोडण्यापेक्षा मुलाला आधीच बघून ठेवायला सांगा.

त्यानंतर सुरक्षा तपासणी. बायकांची तपासणी बाईच करते. आपल्याकडे ती पडद्याआड होते, अमेरिकेतही अंगाला हात लावून तपासायचं झालं तर बाईच येते आणि वेगळ्या खोलीत करा म्हणण्याचा आपल्याला हक्क असतो. हातभर बांगड्या, साडीच्या पिना, केसांतले आकडे यांनी यंत्र वाजतं आणि वेळ जातो, म्हणून प्रवासाच्या दिवशी ते कमी ठेवा. मंगळसूत्र काढायची वेळ आलीच तर उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका. पर्समध्ये घालून चेन लावा आणि पर्स ट्रेमध्ये ठेवा.

तपासणी झाली म्हणजे आपण पोहोचलो असं वाटतं. पण गेट बऱ्याचदा लांब असतं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, कुठे आतल्या आत छोट्या गाडीने जायचं. तिथल्या दुकानांत पाय रेंगाळतात. मी म्हणेन, आधी गेट डोळ्यांनी बघून या, मग दुकान. आणि गेट बदलतंही. इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. आपल्या विमानाचा नंबर ओळखायला शिका. दोन अक्षरं आणि पुढे आकडे, एवढंच असतं. एअर इंडियाचं एआय, एमिरेट्सचं ईके, कतारचं क्यूआर. इंग्रजीत ते कसं दिसतं ते लेकीकडून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्या. टांगलेल्या टीव्हीवर तोच नंबर शोधायचा, त्याच्या समोर गेट लिहिलेलं असतं. नाही सापडलं तर कागद कोणत्याही गणवेशातल्या माणसापुढे धरायचा. बोलावं लागत नाही.

व्हीलचेअरबद्दल आपल्याकडे उगाच संकोच आहे. "मी काय पांगळी आहे का?" असं बायका म्हणतात. गुडघे दुखतात, लांब चालवत नाही, अनोळखी ठिकाणी गोंधळायला होतं, एवढं कारण पुरेसं आहे. खुर्ची ढकलणारा माणूस काउंटरपासून गेटपर्यंत नेतो, रांगेतही त्याच्यासोबत राहता येतं. पण त्यासाठी विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवावं लागतं, तिकीट काढतानाच नोंदवलं तर उत्तम. आणि खुर्ची घेतली की चार तास आधी जायचं, कारण माणूस मोकळा व्हायला वेळ लागतो. दोन-चार आज्यांना एका ओळीत बसवून ठेवतात आणि एकच मुलगा सगळ्यांना नेतो, असंही होतं. आपलं विमान सुटायला तास उरला आणि अजून कोणी हललं नाही, तर गप्प बसू नका. बोर्डिंग पास वर धरून हाक मारा. चालता येत असेल आणि खुर्ची नको असेल, तर सोबत करणाऱ्या माणसाची वेगळी सोयही काही कंपन्या देतात, तीही आधी विचारून ठेवता येते.

हे सगळे यंत्रातले वेळ झाले. एक वेळ मात्र कुठल्याही चार्टमध्ये नसतो, तो लेकीच्या घरातून पाय निघण्याचा. दोन-तीन महिने बाळाला तेल लावून न्हाऊ घातलेलं असतं. निघायच्या दिवशी लेक सकाळपासून गप्प असते. आपण चार दिवस पुरेल एवढा डिंकाचा लाडू, भाजणी, मसाला करून डबे भरत बसतो. मग बाळ नेमकं निघताना उठतं, त्याला दूध पाजायचं, कपडे बदलायचे, कारसीटमध्ये बांधायचं. "आई, आपल्याला तीन तास आधी पोहोचायचं आहे." "अगं हो, दोन मिनिटं, एवढी एक पोळी झाली की निघू." ही दोन मिनिटं चाळीस होतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे. शेवटच्या दिवशी गॅसजवळ जायचं नाही. लाडू दोन दिवस आधी, बॅगा आदल्या रात्री बंद. रडायचं असेल ते घरी, बाळाला मांडीवर घेऊन, सावकाश. आणि घरातून निघायची वेळ जी खरी आहे तिच्या तासभर आधीची सांगायची, सगळ्यांना, जावईबापूंनासुद्धा. एकच गाडी असेल आणि बाळंतीण थकलेली असेल, तर तिने घरीच थांबावं हे जास्त बरं. हिवाळ्यात बर्फ पडलेला असेल तर आणखी एक तास हातचा ठेवा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर तिकीट एकच आहे की दोन वेगळी, हे विचारून घ्या. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते. स्वस्त पडतं म्हणून मुलांनी दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर दुसरं चुकल्याचं कोणी विचारत नाही. अशा वेळी मधले तीन तास कमीच. मुंबईत उतरून पुढे नागपूर किंवा संभाजीनगरचं विमान असलं तरी पासपोर्ट तपासणी आणि कस्टम सहसा मुंबईतच होतं. मोठ्या बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टममधून बाहेर यायचं आणि परत द्यायच्या. त्यातून पुढचं विमान टर्मिनल एकवरून असेल तर सहारवरून सांताक्रूझच्या बाजूला रस्त्याने जावं लागतं.

आता मुंबईतही दोन विमानतळ झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली. त्याचा कोड एनएमआय. तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय हे बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका. या दोन्हींत मुंबईचा ट्रॅफिक उभा आहे.

आणि सगळं करूनही विमान चुकलंच, तर? आधी बसून घ्या, पाणी प्या. मग तिथेच त्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन सांगा की मी आले आहे, मला पुढच्या विमानात घ्या. पैसे भरावे लागतील, पण नवीन तिकिटापेक्षा बहुधा कमी. न सांगता घरी परत गेलात तर आपण आलोच नाही अशी नोंद होते आणि त्याच तिकिटावरची पुढची सगळी विमानं रद्द होतात. भाडं बुडालं तरी आपल्याकडे डीजीसीएचा नियम आहे, की न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क कंपनीने परत केले पाहिजेत. ते मागितल्याशिवाय सहसा कोणी आणून देत नाही, म्हणून मागा. विमान उशिरा सुटणार असं टीव्हीवर दिसलं तरीही, कंपनीचा तसा मेसेज आल्याशिवाय, मूळ वेळ धरूनच जायचं. उशीर कमी होऊन विमान लवकर निघालं असंही घडतं.

जायच्या बाजूचं थोडक्यात. दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या बायकांच्या पासपोर्टवर ईसीआर लिहिलेलं असतं. आखातासारख्या १८ देशांत नोकरीला जायचं तर त्यासाठी सरकारची वेगळी परवानगी लागते. नुसतं भेटायला जायचं असेल तर लागत नाही, पण व्हिसा आणि परतीचं तिकीट कागदावर हातात ठेवा, खिडकीवर विचारतात आणि वेळ जातो. अंगावर बरंच सोनं घालून जाणार असाल तर मुंबईत जातानाच कस्टमकडून त्याचा दाखला करून घेता येतो, म्हणजे परतताना "हे तिथे घेतलं का?" हा प्रश्न येत नाही. त्यासाठी तासभर जादा धरा. खरं सांगायचं तर सोनं घरीच बरं. आणि दुबई, सौदी, सिंगापूरला जाताना अनारशांचा डबा घेताना आठवा, खसखस तिथे बंदी असलेली वस्तू आहे. सुटी तर नाहीच, पदार्थावर लावलेलीही नको. सुकं खोबरं विमानात चालत नाही, मोठ्या बॅगेतही नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

शेवटी, घ्यायला जाणाऱ्यांसाठी. विमान उतरल्यावर बाई बाहेर यायला तास-दीड तास लागतो. विमान उतरायच्या चार तास आधी मुंबईत पोहोचून पार्किंगचं भाडं भरण्यात अर्थ नाही. मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या मंडळींना रेल्वे सोयीची आहे. रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि आता तिथून तीन नंबरच्या मेट्रोने थेट टर्मिनल दोनपर्यंत जाता येतं. परतीचं रेल्वे तिकीट मात्र विमान उतरल्यानंतर निदान पाच-सहा तासांनंतरच्या गाडीचं काढा. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडच्यांना समृद्धी महामार्ग आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर मोकळा आहे. पण आमणे म्हणजे मुंबई नाही. ते भिवंडीजवळ आहे आणि तिथून सहारपर्यंत ठाण्याचा ट्रॅफिक आहे, त्याला दोन तास वेगळे धरा.

आणि रात्रीची गाडी नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे खाजगी बस पेटून २५ माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. सरळ, रिकामा रस्ता असला की डोळा लागतो. विमान पहाटे उतरत असेल तर घ्यायला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी उजेडी निघावं, रात्री ठाण्या-कल्याणकडे नातलगांकडे झोपावं. ड्रायव्हरला पोटभर झोप मिळाली का हे स्वतः विचारावं. आलेल्या बाईला दोन घास खाऊ घालून, आठ-नऊ वाजता उजेडात परत निघावं. मेहकरच्या इंटरचेंजला उतरलात की घरी फोन करा आणि आंघोळीचं पाणी तापवायला सांगा.